हजार पास, तरी बाहेर: पार्क केलेली ‘बस’ हलवायची कशी?

आजचा विषय असा आहे की ज्यावर मॅच बघताना आपण सगळेच वैतागतो. समोरची टीम सगळे खेळाडू मागे घेऊन बसते, आपली टीम पासवर पास करत राहते आणि गोल काही होत नाही. यालाच ‘बस पार्क केली’ म्हणतात. ती बस हलवायला कोच खेळाडूंना काय शिकवतात, ते आज बघू.

आधी स्पेनचं उदाहरण. २०१८ चा वर्ल्ड कप, मॉस्को, समोर रशिया. स्पेनने हजाराच्या वर पास दिले. मॅच १-१, पेनल्टीवर बाहेर. २०२२, कतार, समोर मोरोक्को. पुन्हा हजाराच्या वर पास. १२० मिनिटं ०-०, आणि शूटआउटमध्ये एकही पेनल्टी आत गेली नाही. पुन्हा बाहेर.

गडबड कुठे होते? अशा डिफेन्सच्या दोन ओळी एकमेकींना चिकटून उभ्या असतात. मधली जागा बंद, बाजूची जागा मुद्दाम सोडलेली. मग चेंडू त्यांच्या समोरूनच डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत राहतो. डिफेंडरला फक्त दोन पावलं सरकायचं असतं. म्हणून प्रत्येक पासला एकच प्रश्न विचारायचा: यामुळे समोरचा कोण जागचा हलला? कुणीच नाही? मग पास दिला काय, न दिला काय, सारखंच.

आता युरो २०२४, स्पेन विरुद्ध जॉर्जिया. जॉर्जियाचे पाच डिफेंडर मागे, त्यात स्पेनचा सेल्फ गोल, म्हणजे ०-१. तरी स्पेन ४-१ ने जिंकला. फरक काय? दोन्ही टोकांना अंगावर धावून जाणारे विंगर: लामिन यामाल आणि निको विल्यम्स. निकोने बॉक्सच्या तोंडाशी चेंडू दिला आणि रॉद्रीने बरोबरी केली. यामालच्या क्रॉसवर फाबियान रुइझचं हेडर. विंगर एकाला चुकवतो, तेव्हा दुसऱ्याला मदतीला यावंच लागतं आणि त्याची जागा रिकामी होते.

प्रॅक्टिसमध्ये हे कसं आणायचं? अर्धं मैदान घ्या. आठ जण अटॅकला, सहा डिफेन्सला, शिवाय गोलकीपर. तीन नियम लावा.

एक: एका बाजूला चार पास झाले की चेंडू दुसऱ्या बाजूला गेलाच पाहिजे, तोही पटकन. डिफेन्स सरकत असतानाच फटी पडतात.

दोन: पास दिला की उभं राहायचं नाही. ‘अ’ने ‘ब’ला दिला, ‘ब’ने एका टचमध्ये ‘क’ला. ‘क’ तोवर डिफेंडरच्या पाठीमागून धावत सुटलेला असतो. सगळे चेंडूकडे बघत असताना ‘क’ कुणाला दिसतच नाही.

तीन: कटबॅकवरचा गोल दुप्पट मोजायचा. कटबॅक म्हणजे गोललाइनपर्यंत जाऊन मागे दिलेला, जमिनीलगतचा पास. डिफेंडर स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळत असतात, त्यामुळे मागून येणारा माणूस सुटतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सगळे पुढे गेले आणि चेंडू गेला, तर काउंटरवर गोल खाल्लाच समजा. म्हणून मिडलाइनवर दोन छोटे गोल ठेवा. डिफेन्सने चेंडू जिंकला की तिथे मारायचा. मग अटॅकवाले आपोआप दोन-तीन जण मागे ठेवायला शिकतात.

आणि पोरांना ‘धीर धर’ एवढंच सांगून भागत नाही. धीर कशासाठी धरायचा, हे कळलं तरच तो धरता येतो: फट दिसेपर्यंत. दिसली की थांबायचं नाही.

पुढची मॅच बघताना दहा मिनिटं चेंडू सोडा, फक्त डिफेन्सची ओळ बघा. कोण हलतंय, कोण नाही. काय दिसलं ते कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू!