पोर्टलंडमध्ये घरी बिअर करायची तर आधी दुकान गाठा

अमेरिकेत घरी बिअर करायला लागणारं सगळं सामान घरबसल्या मागवता येतं. तरीही ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड, बीव्हर्टन, हिल्सबरो या भागात राहणाऱ्या कोणी विचारलं, सुरुवात कुठून करू, तर माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी दुकानात जा. तिथे माल्ट डोळ्यांदेखत भरडून मिळतो, हॉप्स कधीचे आहेत ते पाकीट हातात घेऊन बघता येतं आणि काउंटरपाशी थोडा वेळ थांबलं की या छंदातली माणसं भेटतात. घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबची बैठक कधी असते, कुठल्या ब्रूपबमधला (म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच बनवून देणाऱ्या पबमधला) ब्रूअर नवख्यांशी मोकळेपणी बोलतो, हे सगळं त्याच काउंटरवर कळतं.

कायद्याचं आधी सांगून टाकतो, कारण आपल्याकडच्या माणसाच्या मनात पहिली शंका तीच येते. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्र सरकारने १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये मोकळीक दिली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेली ती तरतूद १ फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाली. घरात एकच सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही, एक बाटलीसुद्धा नाही. राज्यांना आपापले नियम करायची मुभा असल्यामुळे अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांत परवानगी मिळायला २०१३ साल उजाडलं. ऑरेगनमध्ये वेगळीच अडचण आली होती. २०१० मध्ये जुन्या कायद्याचा अर्थ असा लावला गेला की घरची बिअर घराबाहेर नेताच येणार नाही. त्यामुळे स्पर्धा आणि क्लबच्या बैठकाच बंद पडायची वेळ आली. छंदिष्टांनी पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला. आज तुम्ही दोन बाटल्या घेऊन क्लबात जाऊ शकता ते त्या दुरुस्तीमुळे. ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढणं मात्र परवान्याशिवाय पूर्ण बेकायदा आहे, त्या वाटेला जाऊ नका. आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय कुठलंही मद्य बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे इथे शिकलेलं पुण्याच्या घरी जाऊन करून बघू, असा बेत आखू नये.

आता दुकान. पोर्टलंडचं एफ. एच. स्टाइनबार्ट हे नाव १९१८ पासूनचं आहे आणि या धंद्यातलं देशातलं सर्वांत जुनं दुकान म्हणून ते ओळखलं जातं. अशी दुकानं गेल्या काही वर्षांत जागोजागी बंद झाली आहेत. म्हणून कुठल्याही दुकानात जाण्याआधी वेळ आणि पत्ता फोन करून विचारून घ्यावा. दुकान चांगलं की नाही हे ओळखायला पहिल्या भेटीत तीन गोष्टी बघा.

पहिली, हॉप्स कुठे ठेवले आहेत. हॉप्स ही एका वेलीची फुलं. बिअरचा कडवटपणा आणि बराचसा सुगंध त्यांच्यातून येतो. उष्णतेने आणि हवेने ती लवकर शिळी होतात, मग त्यांना जुन्या चीजसारखा वास येतो. चांगल्या दुकानात ती चंदेरी, हवाबंद पाकिटांत, फ्रीजमध्ये असतात. पाकिटावर कुठल्या सालचं पीक ते लिहिलेलं असतं आणि अल्फा अ‍ॅसिडचा टक्काही असतो. टक्का जितका जास्त तितका कडवटपणा जास्त, म्हणून कृतीत दिलेला आकडा आणि पाकिटावरचा आकडा ताडून मगच वजन ठरवायचं. पाकिटं भिंतीवर खिळ्याला टांगलेली दिसली तर हॉप्स दुसरीकडून घ्या.

दुसरी, चक्की. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे. ते पिठासारखे दळायचे नसतात, भरडायचे असतात. आतला गर फुटला पाहिजे आणि साल शक्यतो अख्खी राहिली पाहिजे, कारण पुढे त्या सालींचाच थर गाळणीचं काम करतो. दुकानदाराला विचारून एखादा दाणा चावून बघा. फिकट माल्ट बिस्किटासारखा कुरकुरीत आणि किंचित गोड लागतो, क्रिस्टल माल्ट जळक्या साखरेच्या चवीचा, आणि काळा भाजलेला दाणा थेट कॉफीकडे जातो. दाणा दाताखाली चिवट लागला तर त्याला दमट हवा लागली आहे. इतकं थेट शिक्षण कुठल्याही पुस्तकातून मिळत नाही. अमेरिकेतले जुने छंदिष्ट पोत्यात हात घालून दाणे चघळत उभे राहतात ते उगीच नाही.

तिसरी, यीस्टच्या पाकिटांवरची तारीख. कोरडं यीस्ट बराच काळ टिकतं. द्रवरूप यीस्ट जिवंत आणि नाजूक असतं, ते ताजंच हवं. या बाबतीत पोर्टलंडकर भाग्यवान आहेत, कारण वायईस्ट ही १९८६ पासूनची यीस्ट प्रयोगशाळा इथून तासाभराच्या अंतरावर हूड रिव्हर परिसरात आहे. हॉप्सचंही तसंच. देशातले जवळजवळ सगळे हॉप्स वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आयडाहो या तीन राज्यांत पिकतात, आणि अमेरिकन पेल एलला तिचा संत्र्या-मोसंब्याचा वास देणारा कॅस्केड हा वाण ऑरेगनमध्येच तयार होऊन १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात काढणी चालू असताना ओले हॉप्सही मिळतात. त्यांच्यात पाण्याचाच भाग जास्त असल्यामुळे कोरड्या हॉप्सच्या चार-पाच पट घ्यावे लागतात आणि एक-दोन दिवसांत वापरावे लागतात.

पहिल्या खेपेला काय घ्यायचं? साधी पेल एल करा, पाच गॅलनची. अडीच किलो कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची पूड), अर्धा किलो भरडलेला क्रिस्टल माल्ट, कॅस्केडची २८ ग्रॅमची दोन पाकिटं आणि कोरड्या अमेरिकन एल यीस्टचं एक पाकीट. हे यीस्ट चिको यीस्ट म्हणून ओळखलं जातं. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात केन ग्रॉसमन यांनी आधी घरगुती ब्रूइंगच्या सामानाचं दुकान काढलं आणि मग सिएरा नेवाडा ही ब्रूअरी उभारली. त्या ब्रूअरीने हे यीस्ट नावारूपाला आणलं. अवजारांत मोठं पातेलं, झाकण आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) असलेली आंबवायची बादली, सायफनची नळी, द्रवाची घनता मोजायचा हायड्रोमीटर, थर्मामीटर, झाकणं बसवायचं यंत्र आणि निर्जंतुक करायचं स्टार सॅनसारखं द्रावण. काचेचा कारबॉय, म्हणजे अरुंद तोंडाची मोठी बाटली, देखणा असतो, पण ओल्या हातातून निसटला तर गंभीर जखम होते. सुरुवातीला प्लास्टिकची बादलीच बरी.

कृती थोडक्यात अशी. क्रिस्टल माल्ट जाळीच्या पिशवीत घालून ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा तास मुरवायचा. पिशवी काढून पाणी उकळायचं, गॅस बंद करून एक्स्ट्रॅक्ट ढवळायचं, नाहीतर ते तळाला लागतं. पुन्हा उकळी आली की एक पाकीट हॉप्स घालून तासभर उकळू द्यायचं, दुसरं पाकीट शेवटी घालायचं. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून भरभर २० अंशांवर आणायचं, बादलीत ओतून पाणी पाच गॅलनपर्यंत वाढवायचं आणि यीस्ट घालून झाकण लावायचं. उकळी थांबल्यावर बिअरला जे जे लागेल ते निर्जंतुक केलेलं असलं पाहिजे, हात लागणार असेल तर हातही. पोर्टलंडचं बुल रन खोऱ्यातून येणारं पाणी फार मऊ आहे आणि बिअरला उत्तम आहे, पण त्यात क्लोरामिन असतं. ते उकळून सहज जात नाही. दुकानात मिळणारी कॅम्पडेनची पाव गोळी चुरून पाच गॅलन पाण्यात मिसळली की काम होतं.

यीस्ट घातल्यानंतर खरं लक्ष तापमानावर हवं. १८ ते २० अंश राहिलं तर चव स्वच्छ येते. पोर्टलंडच्या जुन्या घरांना तळघर असतं, तिथे प्रश्न येत नाही. बीव्हर्टन-हिल्सबरोच्या अपार्टमेंटमध्ये जुलै-ऑगस्टात खोली तापते. तेव्हा बादली पाण्याच्या परातीत उभी करून तिला ओला टी-शर्ट घालावा आणि पंखा सोडावा. तेही जमत नसेल तर उन्हाळ्यात सेझाँ जातीचं यीस्ट वापरावं, त्याला उष्णता मानवते.

बाटल्या भरायची घाई मात्र कोणी करू नये. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं होत नाही. हायड्रोमीटरचं माप दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या. सुरुवातीला १.०५० असलेला आकडा १.०१२ वर येऊन तिथेच राहिला, तर साधारण ५ टक्के अल्कोहोलची बिअर तयार आहे. आकडा अजून उतरत असेल आणि तुम्ही बाटलीत भरली, तर उरलेली साखर बाटलीतच आंबते, दाब वाढतो आणि काच फुटते. दुखापत होण्याइतकी ही गोष्ट गंभीर आहे. मापं जुळल्यावर सुमारे १२० ग्रॅम मक्याची साखर पाण्यात उकळून मिसळायची, तपकिरी बाटल्यांत भरायची आणि दोन आठवडे खोलीत ठेवायची. साधारण पन्नास बाटल्या होतात.

त्या पन्नासातल्या दोन बाटल्या क्लबासाठी राखून ठेवा. हा छंद माणूस खरा शिकतो तो इतरांनी चव घेतल्यावर. पोर्टलंडचा ऑरेगन ब्रू क्रू १९७९ पासून चालू आहे आणि देशातल्या जुन्या क्लबांपैकी एक आहे. नवख्याने तिथे संकोच करायचं कारण नाही. कोणी अनुभवी माणूस तुमची बिअर ओततो, ग्लासवर तळहात ठेवून हलकेच फिरवतो, हात काढून आधी नुसता वास घेतो आणि चव मग घेतो. स्पर्धांमध्ये हेच काम परीक्षक ५० गुणांच्या कागदावर करतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला फक्त तीनच गुण आहेत, हे गढूळ बिअर बघून हिरमुसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

दोष सांगितला की कारणही लगेच सांगतात, हे क्लबाचं मोठेपण. लोण्यासारखा वास आला तर यीस्टला पुरेसा वेळ मिळाला नाही. कच्च्या सफरचंदासारखा आला तरी बहुधा घाईच झालेली असते. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळी मंद होती किंवा पातेल्यावर झाकण होतं. औषधी, प्लास्टिकसारखा वास हा पाण्यातल्या क्लोरामिनचा. आणि हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीत भरून उन्हात ठेवली तर प्रकाशाने हॉप्समधले घटक बदलतात आणि उग्र, नकोसा वास सुटतो. एकट्याने घरी बसून हे उमगायला फार वेळ जातो, कारण स्वतःच्या बिअरची नाकाला सवय होऊन जाते.

ज्यांना आधी कोणाला तरी करताना बघायचं आहे त्यांनी मे आणि नोव्हेंबरचा पहिला शनिवार मोकळा ठेवावा. अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशनच्या पुढाकाराने मेमध्ये एकत्र ब्रूइंगचा आणि नोव्हेंबरात नवख्यांना शिकवण्याचा दिवस देशभर होतो. असे कार्यक्रम क्लब आणि दुकानंच भरवतात.

ब्रूपबकडे मी मुद्दाम शेवटी वळतो. ऑरेगनमध्ये बनवलेली बिअर त्याच जागी प्यायला देण्याची परवानगी १९८५ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी मॅकमेनामिन बंधूंनी पोर्टलंडच्या हिल्सडेल भागात राज्यातला पहिला ब्रूपब सुरू केला. तिथे किंवा दुसऱ्या कुठल्याही ब्रूपबमध्ये गेलात तर भरलेला मोठा ग्लास मागवू नका. लहान ग्लासांचा ट्रे मागवा आणि तुम्ही घरी केलेल्या प्रकाराचीच बिअर त्यात असू द्या. शेजारी ठेवून प्यायल्याशिवाय आपल्या बिअरमध्ये काय कमी आहे ते कळत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी गर्दी नसते, ब्रूअरला दोन प्रश्न विचारता येतात. या ब्रूअरांपैकी कित्येकांनी घरच्या पातेल्यापासूनच सुरुवात केलेली असते. निर्जंतुक बरणी घेऊन नम्रपणे विचारलं तर काही जण टाकीच्या तळाचं ताजं यीस्टही देतात. विडमर ब्रदर्स या इथल्या ब्रूअरीने तर ऑरेगन ब्रू क्रूच्या सभासदांच्या पाककृती मोठ्या प्रमाणावर करून विकण्याचा उपक्रम चालवला. त्यातूनच एका छंदिष्टाची मिल्क स्टाउट दुकानांतल्या फळीपर्यंत गेली. बीव्हर्टन-हिल्सबरोहून जाणाऱ्यांनी गाडी घरी ठेवून मॅक्स या शहरी रेल्वेची ब्लू लाइन पकडावी.

आपल्या लोकांकडे एक जमेची बाजू आहे, तीही सांगतो. बेल्जियन विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात. भारतीय लांबट धण्यांचा वास गोल मोरोक्कन धण्यांपेक्षा जास्त फळांकडे झुकतो, म्हणून इथले जाणकार ते शोधत असतात, आणि आपल्या वाणसामानाच्या दुकानात ते ताजे मिळतात. मीठ आणि धणे घालून करायच्या आंबट गोझे बिअरला आमसूल चांगलं जाईल असं माझं मत आहे. असं काही करून क्लबात नेलंत तर ओळखी आपोआप होतात.

एक विनंती आहे. सल्ला दुकानात घ्यायचा आणि सामान स्वस्त मिळतं म्हणून दुसरीकडून मागवायचं, असं करू नका. निदान माल्ट, हॉप्स आणि यीस्ट तरी जवळच्या दुकानातूनच घ्या, आणि पहिल्या खरेदीच्या वेळी क्लबची पुढची बैठक कधी आहे ते विचारून या.