विस्मरणापलीकडील स्मृतिभ्रंश

स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ विस्मरण, अशी सर्वसाधारण धारणा आहे. 'अस्तु' या चित्रपटातून मराठी प्रेक्षकांसमोर आलेला अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. विरळ प्रकारांत मात्र स्मरणशक्ती प्रारंभी बऱ्याच अंशी शाबूत राहते.

फ्रंटोटेम्पोरल प्रकारात मेंदूच्या पुढील व बाजूच्या खंडांचा ऱ्हास होतो. अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले. हा विकार बहुधा ४५ ते ६५ या वयात जडतो. गुलमंडीतील एखाद्या कापड व्यापाऱ्याची कल्पना करावी. उधारीचा हिशेब त्यास तोंडपाठ असतो. परंतु तो गिऱ्हाइकांशी अर्वाच्य बोलू लागतो, उधळपट्टी करतो, घरच्या दुःखातही निर्विकार राहतो. कुटुंबीय यास स्वभावदोष समजून जाब विचारतात. दरम्यान भांडवल व नाती दोन्ही हातची जातात.

लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसे दिसतात. हे भास शमविण्यासाठी दिलेली काही मनोविकारविरोधी औषधे अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात.

हे विकार आजही बरे होत नाहीत. तथापि, वेळीच मेंदूविकारतज्ज्ञांकडून निदान झाल्यास घातक औषधे टळतात, व्यवहारांवर देखरेख ठेवता येते आणि रुग्णास दोषी ठरविण्याऐवजी सांभाळणे शक्य होते.