लांब उडी : पॅरिस येथील एक प्रसंग

शाळेच्या क्रीडादिनीं लांब उडीचा सामना सुरू झाला कीं, टेप धरणाऱ्या शिक्षकांभोंवतीं मुलांची गर्दी जमते, आणि एका बोटाच्या फरकानें मागें पडलेला विद्यार्थी हिरमुसला होऊन घरीं जातो. अशा विद्यार्थ्यास व त्याच्या पालकांस सांगण्याजोगी एक खरी हकीकत आम्ही येथें देत आहों.

प्रथम या खेळाचें स्वरूप पाहूं. लांब उडी म्हणजे धांव आणि उसळी यांचा संयोग होय. खेळाडू वेगानें धांवत येतो, जमिनींत बसविलेल्या फळीवरून एका पायानें उसळतो आणि पुढील वाळूंत उतरतो. पाऊल फळीच्या पुढें गेल्यास उडी बाद ठरते. फळीच्या पुढील कडेपासून वाळूंतील सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत अंतर मोजतात. यास्तव पाय कितीही दूर पडले, तरी मागें हात टेकला तर हाताचीच खूण धरली जाते. उडीची लांबी मुख्यत्वें धांवेच्या वेगावर अवलंबून असल्यामुळें उत्तम उडी मारणारे पुष्कळदां उत्तम धांवणारेहि असतात.

इ. स. १९०० सालीं पॅरिस येथें ऑलिंपिक सामने झाले. त्या वेळीं या खेळांत दोन अमेरिकन विद्यार्थी अग्रगण्य होते. पहिला पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचा आल्विन क्रेन्झलाइन; यानें त्याच सामन्यांत धांवण्याच्या तीन शर्यतीहि जिंकल्या. त्यांपैकीं २०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत त्याच्या मागोमाग दुसरा आलेला नॉर्मन प्रिचर्ड हा आपल्या कलकत्त्यास जन्मलेला होता. दुसरा विद्यार्थी सिरॅक्यूज विद्यापीठाचा मायर प्रिन्स्टाइन. यानें त्याच वर्षीं ७·५० मीटर उडी मारून जगांतील उच्चांक स्थापिला होता.

शनिवार, ता. १४ जुलै रोजीं प्राथमिक फेरी झाली. तींत प्रिन्स्टाइननें ७·१७५ मीटर, म्हणजे सुमारें साडेतेवीस फूट उडी मारून पहिलें स्थान मिळविलें. अंतिम फेरी दुसऱ्या दिवशीं, रविवारीं होती. सिरॅक्यूज विद्यापीठ मेथॉडिस्ट पंथीयांनीं स्थापिलेलें असल्यामुळें रविवारीं खेळावयाचें नाहीं, अशी त्याच्या चालकांची आज्ञा होती. प्रिन्स्टाइन स्वतः ज्यू होता. ज्यू लोकांचा विश्रांतिदिन शनिवार. त्या दिवशीं तर तो खेळला होता, आणि ज्या दिवसाचें बंधन त्याच्या धर्मांत नव्हतें, त्या दिवशीं त्यास स्वस्थ बसावें लागलें! तरीहि त्यानें आज्ञा पाळली.

क्रेन्झलाइन मात्र रविवारीं मैदानांत उतरला आणि त्यानें ७·१८५ मीटर उडी मारली. फरक अवघा एक सेंटिमीटर! प्राथमिक फेरींतील अंतर अंतिम निकालांत धरण्याचा तेव्हां नियम होता, म्हणूनच प्रिन्स्टाइनला दुसरा क्रमांक तरी मिळाला. आजच्या नियमाप्रमाणें त्या उडीचा अंतिम फेरींत कांहींच उपयोग झाला नसता.

हें वृत्त ऐकून प्रिन्स्टाइन अत्यंत संतापला. त्यानें क्रेन्झलाइनला ठोसा मारला असें कोणी सांगतात, मित्रांनीं त्यास वेळींच आवरलें असें कोणी म्हणतात. आज्ञाधारक मनुष्यासहि राग येतो, हें यावरून दिसतें. त्याचा राग आम्ही समजूं शकतों, परंतु हात उगारणें योग्य म्हणूं शकत नाहीं.

त्याचें खरें उत्तर मैदानावरच मिळालें. सोमवारीं, ता. १६ जुलै रोजीं तिहेरी उडीचा सामना झाला. त्यांत १८९६ सालचा विजेता जेम्स कॉनली यास मागें टाकून प्रिन्स्टाइननें १४·४७ मीटर अंतरानें पहिला क्रमांक पटकाविला. पुढें १९०४ सालीं सेंट लुई येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यानें लांब उडी ७·३४ मीटर मारून जिंकली, आणि त्याच दिवशीं तिहेरी उडीहि जिंकली.

विद्यार्थिमित्रांनो, नियम पाळणारास बक्षीस मिळतेंच, असें आम्ही सांगणार नाहीं. पॅरिसमध्यें तें मिळालें नाहीं. क्रेन्झलाइननेंहि खेळाचा कोणताच नियम मोडला नव्हता, हेंहि विसरतां कामा नये. पण शनिवारची उडी प्रिन्स्टाइननें सर्व शक्तीनिशीं मारली होती, म्हणूनच रविवारीं न खेळतांहि तिची नोंद राहिली. आणि रविवारच्या दुःखानें त्यानें सोमवार वायां घालविला नाहीं. एका बोटानें हरलेल्या मुलानें घरीं जातांना इतकें ध्यानांत ठेविलें, तरी पुरे आहे.