मळीपासून यकृतापर्यंत

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर तालुक्यांतला बराचसा ऊस उभा राहतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी अशी सहकारी साखर कारखान्यांची रांगच या पट्ट्यात आहे. हंगामात या भागातून एस.टी.ने जाताना मळीचा आंबूस-गोड वास बसमध्ये शिरतो. साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर मागे राहणारी ही काळी, चिकट मळी टाकाऊ मुळीच नाही. तिच्यातूनच अल्कोहोल तयार होते. ते पेट्रोलमध्ये जाते, औषधांत जाते, शाईत आणि रंगांतही जाते. त्यातलेच काही बाटलीत भरले जाते.

याच भागात, आणि महाराष्ट्रात इतरत्रही, एक समज पक्का आहे. “खाऊनपिऊन घेतली तर दारू बाधत नाही. खुराक नसलेला माणूस मरतो.” मटण, अंडी, दूध परवडणारा माणूस पिऊनही धडधाकट राहतो आणि उपाशीपोटी पिणारा खंगतो, असा अनुभवही लोक सांगतात. आपल्या विद्यार्थ्यांनी तो घरात ऐकलेला असतो. हा समज अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकता येणार नाही, कारण एकेकाळी जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांचेही मत जवळपास असेच होते. ते कसे बदलले ते पाहण्यापूर्वी मळीचे काय होते ते पाहू.

एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. तिच्यात अजून जवळजवळ निम्मी साखर शिल्लक असते, पण तिचे स्फटिक करणे परवडत नाही. मळीत पाणी घालून ती पातळ करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्टची पेशी हवा कमी असताना ग्लुकोज फोडून त्यापासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना रेणुभार वापरून स्वतः करता येतो. गुळाच्या कोमट पाण्यात चिमूटभर यीस्ट घालून बाटलीच्या तोंडाला फुगा लावा. तासाभरात फुगा ताठ होऊ लागेल. तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी पांढरी होते. (बाटलीतले द्रावण कुणी चाखणार नाही, एवढे मात्र पाहावे.)

हे काम सजीव पेशी करतात, हे लुई पाश्चर यांनी दाखवले. त्यांनाही ही वाट एका साखरेच्या पिकानेच दाखवली होती. १८५६ साली फ्रान्समधील लील गावच्या एका कारखानदाराचे बीटाच्या रसाचे अल्कोहोल आंबट होऊन बिघडू लागले आणि तो पाश्चर यांच्याकडे गेला. चांगल्या पिंपातल्या आणि बिघडलेल्या पिंपातल्या रसाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना दोन निरनिराळ्या प्रकारचे सूक्ष्मजीव दिसले.

हातभट्टीवर छापा पडल्याची बातमी आपण वाचतो तेव्हा काळा गूळ आणि नवसागर जप्त केल्याचा उल्लेख हमखास असतो. नवसागराने दारू ‘कडक’ होते असे लोक समजतात. खरे तर नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. वाढण्यासाठी यीस्टला नायट्रोजन लागतो आणि तो अमोनियमच्या क्षारातून मिळतो. कारखान्याच्या डिस्टिलरीत याच कामासाठी युरिया किंवा डीएपी वापरतात. म्हणजे उसाला जे खत, तेच यीस्टलाही!

आंबवलेल्या द्रावणात अल्कोहोलचे प्रमाण आठ-दहा टक्क्यांच्या आसपास पोचते. त्याहून फार वर गेले की यीस्ट आपल्याच उत्पादनाने मरू लागते. पुढची तीव्रता ऊर्ध्वपातनाने आणावी लागते. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या देशी दारूत अल्कोहोल ४२.८ टक्के असते. हा चमत्कारिक आकडा इंग्रजांच्या जुन्या ‘प्रूफ’ पद्धतीतून आला आहे. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतूनही ती पेट घेत असेल तर ते मद्य ‘सिद्ध’ झाले, अशी ती कसोटी होती. पुढे तिचे प्रमाण ५७.१ टक्के ठरले. देशी दारू त्याहून २५ अंश खाली, म्हणजे त्याच्या तीन चतुर्थांश.

आता एक गणित करू. १८० मिलिलिटरच्या बाटलीत, म्हणजे ‘क्वार्टर’मध्ये, ४२.८ टक्क्यांनी ७७ मिलिलिटर अल्कोहोल असते. त्याची घनता ०.७९. तेव्हा वजन झाले सुमारे ६१ ग्रॅम. स्वीडनचे एरिक विडमार्क यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार, अल्कोहोल पुरुषाच्या शरीराच्या साधारण ०.६८ आणि स्त्रीच्या ०.५५ भागात पसरते असे धरतात. (अल्कोहोल पाण्यात मिसळते, चरबीत फारसे नाही. म्हणून हा फरक.) ६० किलो वजनाच्या पुरुषासाठी ६१ भागिले ४०.८, म्हणजे किलोमागे दीड ग्रॅम. रक्तात हे प्रमाण १०० मिलिलिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम होते. वाहन चालवण्यासाठी आपल्या कायद्यातील मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे.

यकृत हे अल्कोहोल कमी करते, पण ठरावीक गतीनेच: तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. माणसागणिक यात थोडा फरक पडतो. काळी कॉफी, ताक, थंड पाण्याची अंघोळ यांनी मात्र काहीही फरक पडत नाही. रात्री दहा वाजता क्वार्टर रिचवून झोपलेला ट्रॅक्टरचालक पहाटे सहाला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून निघतो. तोंडाचा वास गेलेला असतो, झोप झालेली असते, पण त्याच्या रक्तात तेव्हाही ३० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असते. त्याने दोन क्वार्टर घेतल्या असतील तर काय होईल, हे गणित मुलांना घालावे.

यकृतात ही क्रिया दोन टप्प्यांत होते. पहिले एन्झाइम अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइड करते. हा पदार्थ विषारी आहे आणि पेशीतल्या डीएनएला इजा करतो. दुसरे एन्झाइम त्याचे अॅसिटेट करते, जे निरुपद्रवी आहे. दोन्ही टप्प्यांत हायड्रोजन बाहेर पडतो आणि यकृताच्या पेशीत त्याची गर्दी होते. या गर्दीमुळे चरबी जाळण्याचे नेहमीचे काम मागे पडते. न जळलेली चरबी पेशीतच साठते. चरबीयुक्त यकृत, मग सूज, मग पेशींच्या जागी चिवट तंतू, आणि शेवटी सिरोसिस, अशी ही वाटचाल असते. पहिल्या पायरीवर बहुधा काही दुखत नाही, आणि तेथे दारू थांबली तर यकृत पूर्ववत होऊ शकते.

हे आज सरळ वाटते. पण १९४९ साली, इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेले चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या एका गटाला अल्कोहोल आणि दुसऱ्याला तेवढ्याच उष्मांकांची साखर दिली. दोन्ही गटांत यकृत बिघडले, आणि आहारात कोलीन हे पोषकद्रव्य पुरेसे दिल्यावर दोन्हींत बचाव झाला. त्यांचा निष्कर्ष असा होता, की यकृताला अल्कोहोल साखरेपेक्षा अधिक विषारी असल्याचा पुरावा नाही. दोष कुपोषणाचा! पिणारा माणूस जेवत नाही म्हणून त्याचे यकृत जाते, हे मत वैद्यकीय पुस्तकांत रुजले. आपल्या गावातला ‘खुराक’ तो हाच.

न्यूयॉर्कमधील डॉ. चार्ल्स लिबर यांना हे पटेना. प्रयोगातली एक साधी अडचण त्यांच्या लक्षात आली. उंदराला अल्कोहोल आवडत नाही. पिण्याच्या पाण्यात ते मिसळले तर उंदीर पाणीच कमी पितो. मग त्याच्या रक्तात माणसाइतके अल्कोहोल चढणार कसे? लिबर आणि लिओनोर डीकार्ली यांनी १९६०च्या दशकात यावर तोड काढली. त्यांनी संपूर्ण आहारच द्रवरूप केला. प्रथिने, जीवनसत्त्वे, क्षार सगळे भरपूर, आणि त्यातच अल्कोहोल. भूक लागली की उंदराला ते घ्यावेच लागे. तुलनेच्या गटाला तोच आहार, फक्त अल्कोहोलच्या जागी तेवढ्याच उष्मांकांचे पिष्टमय पदार्थ. सकस आहार असूनही अल्कोहोल घेणाऱ्या गटाच्या यकृतात चरबी साठली. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांना भरपूर प्रथिनांचा आहार देऊन केलेल्या प्रयोगांतही तेच दिसले.

तरी टीकाकार म्हणत, चरबी म्हणजे सिरोसिस नव्हे. तेव्हा लिबर यांनी बबून माकडे घेतली. त्यांच्या आहारातले जवळजवळ निम्मे उष्मांक अल्कोहोलचे ठेवले, बाकी आहार पुरेसा. काही वर्षांत त्यांतल्या काही माकडांना सिरोसिस झाला. हे निष्कर्ष १९७०च्या दशकाच्या मध्यावर प्रसिद्ध झाले. त्यांवरही वाद झाले, पण भरपूर खाणे हे दारूपासून संरक्षण नव्हे, हे मत त्यानंतर वैद्यकात स्थिरावले. कुपोषणाने हानी वाढते हे खरेच आहे; अति पिणाऱ्यांत थायमिन जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूला इजा होते, ती याच कारणाने. खुराकवाल्या माणसाचा अनुभव खोटा नाही, फक्त अपुरा आहे. त्याचे बाह्यरूप बरे दिसते आणि आत काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. गंमत अशी, की बेस्ट यांच्या साखरेच्या गटालाही आता नव्याने महत्त्व आले आहे. दारूला स्पर्शही न केलेल्या, पण अतिगोड खाणाऱ्या आणि वजन वाढलेल्या लोकांत चरबीयुक्त यकृत आज सर्रास आढळते. साखरपट्ट्यातल्या शिक्षकांनी ही बाजूही लक्षात ठेवावी.

दुसरा समज शिकलेल्या लोकांतला आहे. ‘थोडी घेतलेली हृदयाला चांगली.’ याला आधार म्हणून आलेख दाखवले जात: मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणाऱ्यांत हृदयविकार कमी, मग पुढे जास्त. १९८८ साली ब्रिटनमधील शेपर आणि सहकाऱ्यांनी विचारले, ‘न पिणारे’ हे नेमके कोण? त्यांत अनेक जण आजारी पडल्यामुळे सोडलेले होते. आजारी माणसांची टोळी एका बाजूला ठेवल्यावर दुसरी बाजू निरोगी दिसणारच.

यावरची एक सुंदर युक्ती निसर्गानेच करून ठेवली आहे. पूर्व आशियातल्या अनेक लोकांत वर सांगितलेले दुसरे एन्झाइम जन्मतःच दुर्बळ असते. थोडी दारू घेतली तरी अॅसिटाल्डिहाइड साठते, चेहरा लाल होतो, मळमळते, म्हणून असे लोक आपोआप कमी पितात. हे जनुक कुणाला मिळावे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. त्याचा आजारी असण्या-नसण्याशी संबंध नसतो. चीनमधील पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत सुमारे एक लाख साठ हजार जणांची जनुके तपासून हा पडताळा घेतला गेला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. लोकांनी सांगितलेल्या पिण्यावरून आलेख काढला तर तो पूर्वीसारखाच वाकडा आला. जनुकांवरून काढला तेव्हा पक्षाघाताचा धोका पहिल्या थेंबापासून सरळ वर चढताना दिसला. हृदयविकाराच्या झटक्याबाबत स्पष्ट तोटा दिसला नाही, पण फायदाही दिसला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तर १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले होते.

‘गावठी शुद्ध असते’ हा तिसरा समज. मळी किंवा गूळ आंबवून मिथेनॉल जवळजवळ तयार होत नाही. ते येते उद्योगांसाठीच्या पिंपांतून, स्वस्त भेसळ म्हणून. वास आणि रंग यांवरून ते ओळखता येत नाही. विक्रोळीत २००४ साली आणि मालाडच्या मालवणीत जून २०१५मध्ये असेच झाले. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. यकृतातले पहिले एन्झाइम मिथेनॉलवरही काम करते, पण त्यातून शेवटी फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. धुके पडल्यासारखे दिसू लागले तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावे. तेथे त्या एन्झाइमला अडवून धरणारे औषध देता येते.

एन्झाइम अडवण्याची हीच कल्पना डायसल्फिराम या औषधात आहे. दुसरे एन्झाइम बंद पाडून ते दारू घेणाऱ्याला लगेच त्रास देते. ‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींतल्या पुड्यांत काय असते ते सांगितलेले नसते. त्यांत असे औषध असेल आणि माणूस नकळत भरपूर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते.

आषाढवारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. या वाटेवर माळ घालून दारू सोडणारे बरेच असतात. पण रोज, सकाळपासून पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोलण्यासाठी कायम उत्तेजित अवस्थेत राहायला शिकलेला असतो. दारू एकाएकी बंद झाली की ती उत्तेजना मोकळी सुटते: हात थरथरणे, घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट, दोन-चार दिवसांनी भ्रम. हे भूतबाधेचे किंवा निश्चयाच्या दुबळेपणाचे लक्षण नाही, आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यूही येतो. अशा माणसाने सोडण्याच्या आधी डॉक्टरांना भेटावे. ग्रामीण रुग्णालयातही हे विचारता येते. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही आधी शरीरातली ही उलथापालथ औषधांनी शांत करतात, मग बोलण्याचे, समूहाचे आणि घरच्यांना बरोबर घेण्याचे काम सुरू होते.