वेणी, पुडी आणि दहा मिनिटांतला बुके

लेखमालेच्या मागच्या भागात पिठाच्या गिरणीचा हिशेब मांडला होता. या आठवड्यात नाक्यावरचं फुलांचं दुकान.

दादर पश्चिमेच्या फुलबाजारात उजाडण्याआधीच झुंबड उडते. वसई-विरारकडचे बागायतदार लोकलने फुलं घेऊन उतरतात, जव्हार-विक्रमगडचा मोगरा येतो, पुणे-नाशिककडचा झेंडू आणि शेवंती टेम्पोतून. मुंबईच्या उपनगरांतले कितीतरी फुलवाले माल भरतात तो इथेच, आणि दिवस फायद्याचा जाणार की तोट्याचा हे बरंचसं खरेदीतच ठरून जातं. या धंद्यात भावापेक्षा घट मोठी. किराणावाल्याची साखर उद्याही खपते. आजचा सुटा मोगरा उद्या टाकूनच द्यावा लागतो.

म्हणून मुरलेला फुलवाला फुलाफुलाचा स्वभाव ओळखून असतो. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडलेल्या, संध्याकाळी उमलणाऱ्या. गजरा दुपारी ओवून ओल्या फडक्यात ठेवायचा आणि दिवेलागणीला विकायचा. जरबेऱ्याचा दांडा लवदार असतो, बादलीभर पाण्यात तो कुजतो, त्याला चार बोटं पाणी पुरे. कार्नेशनची गोष्ट याहून निराळी. पिकणाऱ्या केळ्यांतून, आंब्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटतात. शेजारी फळांची गाडी लागत असेल, तर महागाची फुलं दुकानाच्या त्या अंगाला ठेवायची नाहीत, इतकी ही साधी बाब. पण महिन्याच्या हिशेबात ती दिसते.

दुसरा आधार पंचांगाचा. २०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरवर गेली. मागल्या वर्षीच्या तारखा पाहून मालाचं बोलणं करणारा अशा वेळी फसतो. शेतकऱ्याचंही तेच, कारण झेंडूचं रोप लावल्यापासून फूल हाती यायला दोन महिने तरी जातात. पितृपक्षात मागणी बसते, घटस्थापनेला उठते, दसऱ्याच्या सकाळी चढ्या भावाने गेलेला झेंडू संध्याकाळी कुणी विचारत नाही.

हे सगळं जुनंच. नवं आहे ते ॲप. ब्लिंकिट, झेप्टोसारख्या सेवा दहा-पंधरा मिनिटांत दारात गुलाब पोहोचवतात. बेंगळुरूत २०१९ साली यशोदा आणि रिया करुतुरी या बहिणींनी ‘हूवू’ सुरू केलं आणि पूजेची फुलं पाकिटात, वर्गणीवर घरोघर पोहोचवायला घेतली. मराठी घरांना यातली वर्गणी नवी नाही. केळीच्या किंवा पळसाच्या पानात बांधलेली फुलपुडी रोज सकाळी दाराच्या कडीला अडकवायची आणि पैसे महिन्याने घ्यायचे, हा रतीब पुण्या-मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. अनेक दुकानदारांनी तो पोरं मिळत नाहीत म्हणून सोडला, आणि ही मोठी चूक झाली. बुकेचं गिऱ्हाईक आज येतं, उद्या दुसरीकडे जातं. पुडीचं गिऱ्हाईक सत्यनारायणाला, मुंजीला, बारशाला त्याच फुलवाल्याला फोन करतं. शिवाय पुड्या किती लागणार हे आदल्या रात्रीच माहीत असतं, म्हणजे घटही कमी.

सजावटीच्या कामाला प्लॅस्टिकच्या फुलांनी जबर तडाखा दिलाय. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या ज्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचं थर्माकोल आहे, प्लॅस्टिकची फुलं नाहीत. एकदा घेतलेली माळ मंडपवाला वर्षभर फिरवतो. त्या भावाशी खऱ्या फुलांनी झुंजायचं कसं? या प्रश्नाची तड लागायला हवी, कारण त्यात फुलवाल्याइतकाच झेंडू लावणारा शेतकरीही भरडला जातो.

पण पाकिटात आणि प्लॅस्टिकमध्ये जे बसत नाही, तेच नाक्यावरच्या दुकानाचं बळ आहे. नवरीच्या अंबाड्याच्या मापाची वेणी, मुंडावळ्या, मूर्तीच्या उंचीचा हार, दोन तासांत हवी असलेली दुर्वांची कंठी: यासाठी ओवणारा हात लागतो. काचेच्या फ्रीजवर आणि रोषणाईवर पैसा घालण्याआधी दुकानदाराने तो कारागिरावर घालावा. वेण्या बांधणाऱ्या बायका बहुतेक ठिकाणी नगावर काम करतात. मुहूर्त नसलेल्या महिन्यांत काम आटलं की त्या दुसरीकडे लागतात आणि गौरी-गणपतीत दुकानात हात कमी पडतात. मंदीतही थोडी बांधील रक्कम देणाऱ्याकडे त्या टिकतात. ही रक्कम पुड्यांच्या महिन्याच्या वसुलीतून निघू शकते, म्हणूनही रतीब पुन्हा सुरू करणं फायद्याचं.

पुढच्या भागात: चपला शिवणारे आणि ऑनलाइन बाजार.