नागविषातील प्रथिनांचा अभ्यास आणि मास स्पेक्ट्रोमेट्री

प्रस्तावना

सांगली जिल्ह्यातील शिराळा, म्हणजेच बत्तीस शिराळा, हे गाव नागपंचमीमुळे सर्वपरिचित आहे. जिवंत नाग पकडून पूजण्याच्या येथील परंपरेवर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ व न्यायालयीन आदेश यांमुळे निर्बंध आले. शेतात राबणाऱ्यांना असलेला सर्पदंशाचा धोका मात्र टळलेला नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. रुग्णाला दिले जाणारे प्रतिविष त्याच्या परिसरातील नागाच्या विषावर कितपत प्रभावी ठरते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्याच्या उत्तरासाठी उपयुक्त ठरणाऱ्या एका अभ्यासपद्धतीचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

अभ्यासपद्धती

नागाचे विष म्हणजे अनेक प्रथिनांचे मिश्रण होय. प्रथम क्रोमॅटोग्राफीने त्याचे घटक अलग केले जातात. नंतर ट्रिप्सिन हे विकर प्रत्येक प्रथिन ठरावीक जागी तोडून त्याचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, तयार करते. या तुकड्यांना विद्युतभार देऊन त्यांचे वस्तुमान व भार यांचे गुणोत्तर मोजले जाते. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता भारित करण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन व कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. मिळालेली वस्तुमाने ज्ञात प्रथिनक्रमांशी ताडून मूळ प्रथिन ओळखले जाते. २०२० मध्ये भारतीय नागाचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्याने हे काम अधिक सुकर झाले. क्षयासारख्या रोगांच्या जंतूंतील प्रथिनेही याच तत्त्वाने अभ्यासली जातात.

निष्पत्ती व मर्यादा

नागविषात ‘त्रि-अंगुली’ विषद्रव्ये आणि फॉस्फोलायपेज ए-२ ही विकरे प्रामुख्याने आढळतात. पहिल्या गटातील काही द्रव्ये मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणारा संदेश रोखतात. श्वसनाचे स्नायू निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. ही प्रथिने आकाराने लहान असल्याने घोड्याच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तुलनेने कमी निर्माण होतात.

भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांपासून तयार होते आणि हे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र निरनिराळ्या प्रदेशांतील नागांच्या विषाची घडण, मारकता आणि त्यावरील प्रतिविषाचा परिणाम यांत लक्षणीय तफावत आढळली. विषात कोणती प्रथिने किती प्रमाणात आहेत, हे या तंत्राने कळते. प्रतिविष त्यांना निष्प्रभ करते की नाही, हे स्वतंत्र जैविक चाचण्यांनीच ठरवावे लागते.

समारोप

सर्पदंशावर प्रतिविष हाच सिद्ध उपचार असून रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे अत्यावश्यक आहे. तथापि, एका प्रदेशातील विषावर बेतलेले प्रतिविष सर्वत्र सारखेच गुणकारी असेल, हे गृहीत धरता येणार नाही. शिराळ्यासारख्या परिसरातील विषाचे नमुने कायदेशीर परवानगीने अभ्यासले गेले, तर नागाविषयीचा आदर आणि शेतकऱ्याच्या जिवाचे रक्षण या दोन्ही गोष्टी साधतील.