विश्लेषण : हेपटायटिस सी कुणाकडून आला, हे विषाणूवरून कसे कळते?

करोनाकाळात ‘जनुकीय क्रमनिर्धारण’ हा शब्द घराघरांत पोहोचला, तो डेल्टा, ओमायक्रॉन अशा उपप्रकारांमुळे. पण सुई-सिरिंजमधून पसरणाऱ्या हेपटायटिस सीचा माग काढण्यासाठी हे तंत्र त्याच्या कितीतरी आधीपासून वापरले जात आहे. स्पेनमधील एका खटल्यात तर त्याच्या आधारे २७५ रुग्णांच्या संसर्गाची जबाबदारी एका डॉक्टरवर निश्चित झाली. हे कसे घडले आणि या पुराव्याला मर्यादा कोणत्या?

हेपटायटिस सीचा माग काढणे अवघड का?

हा विषाणू रक्तातून पसरतो. एकच सिरिंज अनेकांना वापरणे, नीट निर्जंतुक न केलेली उपकरणे, न तपासलेले रक्त, डायलिसिस कक्षातील हलगर्जी, नशेसाठी सुई वाटून घेणे हे त्याचे मुख्य मार्ग. संसर्गानंतर बहुतेकांना लक्षणेच जाणवत नाहीत. साधारण ५५ ते ८५ टक्के बाधितांमध्ये आजार जुनाट होतो आणि यकृत आतून खराब होत राहते. निदान होते तेव्हा अनेकदा १०-१५ वर्षे उलटलेली असतात. इतक्या काळात रुग्णाने किती दवाखाने पाहिले, किती इंजेक्शने घेतली, हे कोण सांगणार? त्यामुळे केवळ विचारपूस करून संसर्गाचे मूळ सापडणे कठीण जाते.

विषाणूच्या जनुकांतून काय कळते?

हेपटायटिस सीचा विषाणू आरएनए प्रकारचा आहे. त्याची जनुकीय माहिती सुमारे ९,६०० अक्षरांची असते. शरीरात स्वतःच्या प्रती काढताना तो सतत चुका करतो आणि त्या दुरुस्त करण्याची यंत्रणा त्याच्याकडे नसते. त्यामुळे एकाच रुग्णाच्या रक्तात एकमेकांपासून किंचित वेगळ्या विषाणूंचा जथाच तयार होतो. एकाकडून दुसऱ्याकडे संसर्ग गेला असेल, तर दोघांच्या विषाणूंची अक्षरे बरीचशी जुळतात. काळ जाईल तसा फरक वाढतो. हे फरक मोजून विषाणूंची वंशावळ मांडता येते. वंशावळीत दोन रुग्ण एकाच फांदीवर आले, तर त्यांच्या संसर्गाचे मूळ एकच असण्याची शक्यता मोठी.

व्हॅलेन्सियात काय घडले होते?

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात १९९८ मध्ये एक विचित्र बाब लक्षात आली. शस्त्रक्रिया झालेल्या अनेक रुग्णांना हेपटायटिस सी झाला होता आणि त्यांना जोडणारा दुवा एक भूलतज्ज्ञ होता. तो स्वतः बाधित होता. रुग्णांसाठीचे अफूजन्य वेदनाशामक तो आधी स्वतःला टोचून घेई आणि उरलेले औषध रुग्णाला देई, असे न्यायालयात सिद्ध झाले. हा प्रकार सुमारे दशकभर चालला होता. २००७ मध्ये न्यायालयाने त्याला २७५ जणांच्या संसर्गासाठी दोषी ठरवले. त्यांतील चौघांचा मृत्यू झाला होता. शिक्षा सुनावली गेली १,९३३ वर्षांची; मात्र कायद्यानुसार प्रत्यक्ष तुरुंगवासाची कमाल मर्यादा होती २० वर्षे.

तज्ज्ञांनी नाते कसे जुळवले?

त्या वेळी विषाणूची संपूर्ण जनुकीय माहिती वाचण्याऐवजी तिचे निवडक तुकडे वाचण्यात आले. भूलतज्ज्ञ आणि रुग्ण यांच्या नमुन्यांतून चार हजारांहून अधिक क्रम मिळवले गेले. कळीचा भाग होता तुलनेचा. शहरात आधीपासूनच पसरलेला विषाणू मुळातच एकसारखा असेल, तर साम्याला अर्थ उरत नाही. म्हणून या प्रकरणाशी संबंध नसलेल्या स्थानिक बाधितांचे नमुनेही तपासले गेले. प्रत्येक रुग्णाचा विषाणू डॉक्टरच्या विषाणूला जवळचा की शहरातल्या इतरांच्या, याचे गणित मांडले गेले. विषाणू बदलण्याच्या वेगावरून संसर्ग साधारण कधी झाला असावा, याचाही अंदाज बांधला गेला.

४७ जणांना का वगळले?

तपासलेल्या ३२२ रुग्णांपैकी ४७ जणांचा संसर्ग या डॉक्टरकडून आलेला नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यांना आजार होता, पण विषाणूचे नाते वेगळे होते. म्हणजेच हे तंत्र दोष सिद्ध करण्याइतकेच आरोप दूर करण्यासाठीही उपयोगी पडते. एखाद्या रुग्णालयावर किंवा कर्मचाऱ्यावर केवळ संशयावरून ठपका ठेवला जाण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

मर्यादा कोणत्या?

विषाणूंचे नाते जुळले, तरी ‘अ’ने थेट ‘ब’ला संसर्ग दिला, हे एवढ्यावरून ठरत नाही. मधे तिसरी व्यक्ती असू शकते किंवा दोघांना एकाच जागेतून बाधा झालेली असू शकते. त्यामुळे रुग्णालयातील नोंदी, तारखा, कामाच्या पाळ्या यांची जोड लागतेच. दुसरे असे, की संसर्ग आपोआप किंवा उपचारांनी बरा झालेल्यांच्या रक्तात विषाणू उरत नाही. प्रतिपिंडे तेवढी सापडतात. त्यांचा दुवा या मार्गाने जुळवता येत नाही. तिसरा प्रश्न गोपनीयतेचा. नशा करणाऱ्यांच्या वस्तीत कुणी कुणाला बाधित केले, हे शोधून पोलीस कारवाई होऊ लागली तर लोक तपासणीलाच येणार नाहीत. साथ रोखण्यासाठीची माहिती शिक्षेसाठी वापरायची का, याचे नियम आधी ठरलेले हवेत.

भारतासाठी हे महत्त्वाचे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोक जुनाट हेपटायटिस सीने बाधित आहेत आणि दरवर्षी साधारण १० लाख नव्या बाधितांची भर पडते. या आजारावर लस नाही. पण तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. भारतात २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमांतर्गत तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. मात्र बरा झालेल्या रुग्णाला पुन्हा संसर्ग होऊ शकतो. सुईचा गैरवापर सुरूच राहिला, तर एका बाजूने रुग्ण बरे होतील आणि दुसऱ्या बाजूने नवे तयार होतील. एखाद्या डायलिसिस केंद्रात किंवा गावात अचानक बाधित वाढले, तर औषधे देण्याआधी रक्ताचे नमुने जपून ठेवणे आणि त्यांचा क्रम तपासणे यांतून गळती नेमकी कुठे आहे, हे कळू शकते. रुग्णाच्या हातात असलेली खबरदारी मात्र साधी आहे : सिरिंज आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली जाते ना, हे पाहणे आणि तसे नसेल तर विचारणे.